श्रमाची नोंद, गावाची साक्ष : राष्ट्रीय सेवा योजना आणि विद्यार्थ्यांच्या सेवेचा गौरव

हिंगणघाटहून नागपूर-हैदराबाद महामार्गाने दक्षिणेकडे निघाले की पोहणा गावाच्या अलीकडे वडनेर लागते. पऱ्हाटी, तूर आणि सोयाबीनचा हा मुलूख. घरातून महाविद्यालयाची पायरी पहिल्यांदा चढलेली पिढी या पट्ट्यात आजही भेटते. यांतल्या अनेकांनी पदवीच्या कागदांसोबत आणखी एक कागद जपून ठेवलेला असतो, तो म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेचे प्रमाणपत्र. दोन वर्षे, २४० तास आणि एक विशेष शिबिर, एवढा त्याचा हिशेब. नोकरीच्या अर्जाला त्याची छायांकित प्रत जोडली जाते आणि मूळ प्रत पत्र्याच्या पेटीत परत जाते. या कागदामागे पन्नासहून अधिक वर्षे उभी असलेली एक संस्था आहे. तिचा इतिहास वर्धा जिल्ह्यातल्या वाचकांपुढे मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

हा इतिहास सेवेचा तर आहेच, तो सेवेच्या गौरवाचाही आहे. विद्यार्थ्याने गावासाठी घाम गाळला, तर त्याची दखल कोणी घ्यायची आणि कशी? दखल घेतल्याने सेवा वाढते की तिचे मोल उणावते? हे प्रश्न योजनेच्या जन्माआधीपासून विचारले जात आहेत. त्यांचे आमचे उत्तर सुरुवातीलाच सांगून ठेवतो. गौरव एका विद्यार्थ्याला मोठे करण्यापुरता असेल तर समारंभाबरोबर तो संपतो. त्याच्या कामाला पुढच्या वर्षीची तुकडी मिळवून देणाऱ्या गौरवातूनच संस्था घडत जाते.

या मातीतले पूर्वज

योजनेची कागदोपत्री सुरुवात दिल्लीत झाली, तरी तिच्या कल्पनेची मुळे ज्या थोड्या ठिकाणी सापडतात त्यांत वर्धा जिल्हा अग्रभागी आहे. विनोबा १९२१ मध्ये वर्ध्याला आले. गांधीजी नंतर वर्ध्याच्या मगनवाडीत राहायला आले आणि १९३६ मध्ये शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला गेले. मगनवाडीत असताना त्यांचे सहकारी शेजारच्या सिंदी गावात रोज सकाळी सफाईसाठी जात. महादेवभाई देसाई आणि मीराबेन त्यांत असत. गावाने हातभार लावावा यासाठी त्यांना फार वाट पाहावी लागली. तरी सकाळची फेरी चुकली नाही. पाहणारा कोणी नसला तरी काम करायचे, हा सेवेचा पहिला धडा या जिल्ह्याने असा जवळून पाहिला.

दुसरा धडा शिक्षणाचा. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. तिच्यातून डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि नई तालीमचा आराखडा तयार झाला. हाताचे काम आणि बुद्धीचे शिक्षण वेगळे नाही, ही त्याची बैठक होती. विद्यार्थ्यांनी सुट्या खेड्यांतल्या कामात घालवाव्यात, असे गांधीजी सांगत आले होते. नई तालीमने त्या सांगण्याला अभ्यासक्रमात जागा करून दिली.

याच सुमारास विदर्भाच्या गावागावांत दुसरा प्रवाह वाहत होता. गाडगेबाबा खराटा घेऊन गावात शिरत, दिवसभर रस्ते झाडत आणि रात्री कीर्तनातून माणसांच्या मनाची झाडलोट करत. तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाने सामुदायिक प्रार्थना आणि ग्रामसफाई एकत्र बांधली. नागपूर विद्यापीठाला २००५ मध्ये राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव मिळाले. वर्धा जिल्ह्यातली बहुतेक महाविद्यालये याच विद्यापीठाच्या कक्षेत येतात, त्यामुळे इथल्या स्वयंसेवकाच्या प्रमाणपत्रावर ग्रामसेवेचा ध्यास घेतलेल्या संताचे नाव असते.

वडनेरच्या तालुक्याचा मान आणखी एका नावाने वाढतो. बाबा आमटे यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी हिंगणघाटला झाला. १९४९ मध्ये त्यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन उभे केले. पुढे साठच्या दशकाच्या अखेरीपासून मूल तालुक्यातल्या सोमनाथला मे महिन्याच्या उन्हात तरुणांच्या श्रमसंस्कार छावण्या भरू लागल्या. महाराष्ट्रभरातून आलेली मुले-मुली तिथे पहाटे कुदळ-फावडे घेत आणि दुपारी विचार ऐकत. सकाळी श्रमदान, दुपारी बौद्धिक आणि संध्याकाळी गाणी हे महाविद्यालयीन शिबिराचे वेळापत्रक आज आपल्याला सवयीचे वाटते. त्याची ओळख मराठी तरुणांना करून देणाऱ्या जागांत सोमनाथ आहे.

वीस वर्षांची चर्चा

स्वातंत्र्यानंतर हा विचार सरकारी पातळीवर पोहोचला. डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने विद्यार्थ्यांनी स्वेच्छेने राष्ट्रीय सेवा करावी असे सुचवले. पहिल्या पंचवार्षिक योजनेत विद्यार्थ्यांनी वर्षभर समाजसेवा आणि श्रमसेवा करावी असा विचार आला. १९५८ मध्ये पंडित नेहरूंनी मुख्यमंत्र्यांना लिहिलेल्या पत्रात पदवीपूर्वी समाजसेवेची अट असावी ही कल्पना मांडली.

पुढच्या वर्षी या कल्पनेचा तपशील ठरवण्याचे काम एका मराठी माणसाकडे आले. ऑगस्ट १९५९ मध्ये डॉ. चिंतामणराव देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय सेवा समिती नेमली गेली. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडणारे चिंतामणराव त्या वेळी विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. महाविद्यालयात प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी आधी नऊ महिने ते एक वर्ष सक्तीने सेवा करावी, अशी शिफारस त्यांच्या समितीने केली. खर्चाचा आकडा आणि अंमलबजावणीच्या अडचणी पाहता ती पुढे सरकली नाही.

मग प्रा. के. जी. सय्यदैन यांनी निरनिराळ्या देशांतल्या विद्यार्थ्यांच्या राष्ट्रीय सेवेचा अभ्यास केला. सक्ती न करता स्वेच्छेवर आधारलेली सेवा सुरू करावी आणि तिला आकर्षक रूप द्यावे, असा त्यांच्या अहवालाचा सूर होता. डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या आयोगानेही शिक्षणाच्या प्रत्येक टप्प्यावर समाजसेवेची जोड सुचवली. १९६७ मध्ये राज्यांच्या शिक्षणमंत्र्यांची परिषद झाली आणि त्यानंतर कुलगुरूंची. राष्ट्रीय छात्रसेना ऐच्छिक असावी आणि तिला पर्याय म्हणून राष्ट्रीय सेवा योजना असावी, या विचाराला तिथे पाठिंबा मिळाला. चौथ्या पंचवार्षिक योजनेत प्रायोगिक स्वरूपासाठी पाच कोटी रुपयांची तरतूद झाली.

या वीस वर्षांत एक निर्णय पक्का झाला. सेवा सक्तीची नसेल. आणि ज्या क्षणी सेवा ऐच्छिक ठरली, त्या क्षणी गौरवाचा प्रश्न दारात येऊन उभा राहिला. सक्तीच्या कामाला हजेरीपत्रक पुरते. आपण होऊन पुढे आलेल्या विद्यार्थ्याला मात्र त्याचे काम कोणीतरी पाहिले, समजून घेतले आणि जपले, हे कळावे लागते.

१९६९

२४ सप्टेंबर १९६९ रोजी केंद्रीय शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी राष्ट्रीय सेवा योजनेचा आरंभ केला. गांधीजींच्या जन्मशताब्दीचे ते वर्ष होते. देशातली ३७ विद्यापीठे आणि ४० हजार विद्यार्थी एवढ्यावर सुरुवात झाली. आज स्वयंसेवकांची संख्या चाळीस लाखांच्या आसपास पोहोचली आहे. २४ सप्टेंबर हा योजनेचा स्थापना दिन म्हणून सगळ्या महाविद्यालयांत साजरा होतो.

‘नॉट मी बट यू’ हे योजनेचे ब्रीद. कोणार्कच्या सूर्यमंदिरातल्या रथचक्रावरून तिचे बोधचिन्ह घेतले आहे. चाकाचे आठ आरे दिवसाचे आठ प्रहर, म्हणजे चोवीस तास दाखवतात. त्यातला लाल रंग तरुणांच्या उत्साहाचा आणि गडद निळा विश्वाचा. छातीवर हा बिल्ला लावणारा स्वयंसेवक दिवसाच्या कुठल्याही वेळी कामाला तयार असतो, हा त्यामागचा अर्थ.

एककाची घडण

योजनेचा सगळा भार पेलते ते महाविद्यालयातले एकक. साधारण १०० स्वयंसेवकांचे एक एकक आणि त्याला एक कार्यक्रम अधिकारी. हा अधिकारी म्हणजे मराठी, अर्थशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्र शिकवणारा प्राध्यापक असतो. वर्गातले तास सांभाळून तो हे काम करतो. त्याच्या वर विद्यापीठाचा कार्यक्रम समन्वयक आणि त्याच्या वर राज्याची यंत्रणा. स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास याप्रमाणे दोन वर्षांत २४० तास नियमित काम करायचे आणि एका विशेष शिबिरात भाग घ्यायचा. पूर्वी दहा दिवसांचे असलेले हे शिबिर आता सात दिवसांचे आहे. एककातले निम्मे स्वयंसेवक त्यात जातात.

शिबिर दत्तक गावात होते. मुक्काम बहुधा जिल्हा परिषदेच्या शाळेत किंवा समाजमंदिरात. पहाटे प्रार्थना आणि प्रभातफेरी, मग श्रमदान. नाली साफ करणे, शोषखड्डे खोदणे, शाळेचे आवार नीट करणे, नाल्यावर सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती-रेती भरून वनराई बंधारा घालणे ही नेहमीची कामे. दुपारी बौद्धिक, त्यानंतर घरोघरी सर्वेक्षण, रात्री पथनाट्य आणि सांस्कृतिक कार्यक्रम. शेवटच्या दिवशी समारोप आणि अनुभवकथन.

यासाठी लागणारा पैसा किती, हेही इतिहासात नोंदवले पाहिजे. अनेक वर्षे नियमित कार्यक्रमांसाठी दर स्वयंसेवकामागे वर्षाला २५० रुपये आणि विशेष शिबिरासाठी ४५० रुपये मिळत. सात दिवसांच्या शिबिराचा हिशेब केला तर एका मुलाच्या राहण्या-जेवण्या-कामाला दिवसाकाठी ६५ रुपयेही येत नाहीत. बाकीचे गाव देते. कोणी तांदळाचे पोते, कोणी चुलीसाठी लाकूड, कोणी भाजी, कोणी रात्रीच्या कार्यक्रमाला ध्वनिक्षेपक. सरकारी खर्चात पूर्वी केंद्र आणि राज्य यांचा वाटा सात आणि पाच असा होता. २०१६ पासून पूर्ण खर्च केंद्राकडे आला. गावाचा वाटा मात्र कुठल्याही सूत्रात लिहिलेला नाही, आणि तो एकाही वर्षी थांबलेला नाही. विद्यार्थ्यांच्या सेवेचा गौरव करताना यजमान गावालाही त्या गौरवात ओळीने बसवले पाहिजे, असे आम्हांला वाटते ते यामुळे.

दुष्काळातून भूकंपापर्यंत

योजना सुरू झाल्यावर तीनच वर्षांत महाराष्ट्रावर १९७२ चा दुष्काळ आला. १९७३ मध्ये ‘दुष्काळाविरुद्ध युवक’ या नावाने देशभर शिबिरे झाली. त्यानंतर अस्वच्छता आणि रोगराईविरुद्ध, वनीकरणासाठी, ग्रामीण पुनर्रचनेसाठी अशा विषयांवर शिबिरे आखली गेली. एका वर्षी एक विषय घेऊन साऱ्या देशातल्या महाविद्यालयांनी एकाच दिशेने काम करायचे, ही पद्धत तेव्हा रुळली.

रौप्यमहोत्सवी वर्ष सुरू झाले आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतली गावे जमीनदोस्त झाली. मदतीला धावलेल्या हातांत महाविद्यालयीन स्वयंसेवकांचेही हात होते. स्थापना दिनाचे कार्यक्रम होऊन आठवडाही झाला नव्हता. ढिगारे, छावण्या, अन्नवाटप आणि जखमींची शुश्रूषा यांत ही मुले जे शिकली ते कुठल्याही पाठ्यपुस्तकात मावणारे नव्हते. आपत्तीत उपयोगी पडायचे तर आधी शिस्तीने एकत्र काम केलेले असावे लागते. दत्तक गावातल्या नालीच्या कामातून ही शिस्त येते. लहान कामांचे मोठेपण इथे आहे.

गौरवाच्या पायऱ्या

याच रौप्यमहोत्सवी वर्षात, १९९३-९४ मध्ये, केंद्र सरकारने राष्ट्रीय सेवा योजनेचे राष्ट्रीय पुरस्कार सुरू केले. आरंभी त्यांना इंदिरा गांधी यांचे नाव होते. योजनेचे लक्ष्यगीतही याच वर्षातले. त्याआधी, १९८८ पासून, योजनेच्या स्वयंसेवकांचे पथक दिल्लीच्या प्रजासत्ताक दिन संचलनात चालू लागले होते. जानेवारीचा अख्खा महिना दिल्लीच्या शिबिरात काढून कर्तव्यपथावर पावले टाकणारा स्वयंसेवक परत आला की त्याच्या महाविद्यालयात त्याच्यामागे नाव नोंदवणाऱ्यांची रांग वाढते, हे कुठल्याही कार्यक्रम अधिकाऱ्याला विचारून पाहावे.

राष्ट्रीय पुरस्कारांची रचना समजून घेण्यासारखी आहे. त्यांत तीन गट आहेत. पहिला विद्यापीठांचा आणि उच्च माध्यमिक परिषदांचा, दुसरा एकके आणि त्यांच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांचा, तिसरा स्वयंसेवकांचा. २०१९-२० च्या पुरस्कारांत असे ४२ मानकरी होते. २४ सप्टेंबर २०२१ रोजी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांनी दूरदृश्य पद्धतीने ते प्रदान केले. स्वयंसेवकाला एक लाख रुपये, प्रमाणपत्र आणि रौप्यपदक मिळते. कार्यक्रम अधिकाऱ्याला दीड लाख रुपये, प्रमाणपत्र आणि रौप्यपदक. एककाला मिळतात ते दोन लाख रुपये आणि चषक, आणि ही रक्कम योजनेचे काम वाढवण्यासाठीच वापरायची असते.

आमच्या दृष्टीने या साऱ्यात महत्त्वाची आहे ती हीच शेवटची अट. एककाचा गौरव होतो आणि पैसा पुन्हा कामात जातो. ज्यांनी पुरस्कार मिळवला ती मुले तोवर पदवी घेऊन बाहेर पडलेली असतात. त्यांच्या घामाचा लाभ नव्याने नाव नोंदवणाऱ्या मुलांना होतो, आणि त्या मुलांच्या हातून गावाला. एकट्याचे पदक घराच्या भिंतीवर राहते. गटाला मिळालेल्या सन्मानातून पुढच्या वर्षीची कुदळ येते.

राष्ट्रीय पातळीच्या खाली राज्य सरकारचे पुरस्कार आहेत आणि विद्यापीठांचेही. त्यांतही महाविद्यालय किंवा एकक, कार्यक्रम अधिकारी आणि स्वयंसेवक यांना वेगवेगळे स्थान आहे. राज्याच्या युवा धोरणानुसार जिल्हा पातळीवर युवा पुरस्कार दिले जातात आणि त्यांत तरुण-तरुणींबरोबर संस्थेचाही सन्मान होतो. या सगळ्या पायऱ्यांचा पाया एकच आहे, स्वयंसेवकाची कार्यदैनंदिनी. कुठल्या तारखेला, कुठल्या गावात, किती तास, कोणते काम केले, याची नोंद आणि त्याखाली कार्यक्रम अधिकाऱ्याची सही. दिल्लीपर्यंत जाणारा प्रस्तावही या वहीपासूनच सुरू होतो. त्यामुळे रोजच्या रोज दैनंदिनी लिहिण्याची सवय हा आम्ही सेवेचाच एक भाग मानतो.

सेवाग्रामची जोडवाट

१९६९ या वर्षाने वर्धा जिल्ह्याला आणखी एक संस्था दिली. डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली. राष्ट्रीय सेवा योजनेहून ती सर्वस्वी वेगळी, पण विद्यार्थी-सेवेच्या इतिहासात तिचा धडा वगळता येणार नाही.

इथे प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याचे पहिले दिवस गांधीजींच्या आश्रमात जातात. सूतकताई, श्रमदान, प्रार्थना, सामूहिक स्वयंपाक यांत तो मिसळतो. त्यानंतर प्रत्येक नवी तुकडी वर्ध्याच्या परिसरातले एक गाव दत्तक घेते, तिथे पंधरा दिवसांचे शिबिर होते आणि प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाट्याला काही कुटुंबे येतात. शिबिर संपले तरी ही कुटुंबे सुटत नाहीत. डॉक्टर होईपर्यंत तो विद्यार्थी त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा जातो. घरातले बाळ कुपोषित आहे का, आजीचा रक्तदाब किती, सुनेची प्रसूती कुठे झाली, याची नोंद त्याच्याकडे असते. याच परिसरात डॉ. उल्हास जाजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावकऱ्यांकडून ज्वारीच्या रूपात वर्गणी घेऊन आरोग्य विम्याची योजनाही चालवली. धान्य देणारे गाव उपचार मागताना ताठ मानेने मागत असे.

सेवाग्रामच्या या पद्धतीत गौरव समारंभ फार नाहीत. गावाशी जुळलेले नाते तिथे सगळ्यांत वर ठेवले जाते. वर्षानुवर्षे एका पाठोपाठ एक तुकड्या गावांत जात राहिल्या, त्यामुळे डॉक्टर होऊ पाहणारी मुले दारात आली की गावकरी त्यांना ओळखतात. ही ओळख म्हणजे सेवेची सर्वांत खरी साक्ष. राष्ट्रीय सेवा योजनेच्या एककांनी सेवाग्रामकडून शिकावे ते एवढेच, की शिबिराचे सात दिवस ही सुरुवात असते.

विद्यार्थ्यांच्या आणि तरुण डॉक्टरांच्या चळवळींना या जिल्ह्याची साथ आणखी लाभली. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीला जाण्याआधी वर्ध्याजवळच्या कान्हापुरात काम केले. पुढे त्यांनी ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली आणि २००६ मध्ये तिथून तरुणांसाठी ‘निर्माण’ हा उपक्रम सुरू झाला. शिकत असतानाच समाजाचे प्रश्न शोधायला लावणारी ही धारा विदर्भातून महाराष्ट्रभर पोहोचली.

गुण, श्रेयांक आणि इतर देश

सेवेची दखल संस्थेच्या पातळीवर घेण्याची ही घडामोड जगातही दिसते. संयुक्त राष्ट्रांनी १९८५ मध्ये ५ डिसेंबर हा आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक दिन ठरवला. अमेरिकेत २००६ पासून काही वर्षे समाजसेवेत पुढे असलेल्या महाविद्यालयांची राष्ट्रपतींच्या नावाने सन्मानयादी जाहीर होत असे. तिथेही एकेका विद्यार्थ्याबरोबर त्याच्या संस्थेची दखल घेण्याचा विचार होता.

आपल्याकडे महाराष्ट्रातल्या अनेक विद्यापीठांनी योजनेचे तास आणि शिबिर पूर्ण करणाऱ्यांना प्रोत्साहन गुण दिले. २०१८ च्या उन्हाळ्यात केंद्र सरकारने स्वच्छतेसाठी उन्हाळी आंतरवासिता जाहीर केली. विद्यार्थ्याने एकट्याने किंवा दहा जणांपर्यंतच्या गटाने गावात १०० तास काम करायचे आणि त्याला दोन श्रेयांक मिळायचे, अशी ती रचना होती. विद्यापीठ, राज्य आणि राष्ट्र अशा पातळ्यांवर तिची बक्षिसेही होती. नव्या शैक्षणिक धोरणानंतर तर सेवा योजना पदवीच्या श्रेयांकांतच आली आहे. आता स्वयंसेवकांची नोंद ‘मेरा युवा भारत’ या २०२३ मध्ये सुरू झालेल्या व्यासपीठावरही होऊ लागली आहे.

गुणांसाठी येणारा विद्यार्थी मनापासून काम करतो का, ही शंका अनेक ज्येष्ठ व्यक्त करतात. तिच्यामागे सेवेविषयीची आस्था आहे आणि तिचा आदर ठेवूनच आमचे मत सांगतो. शेतमजूर आई-वडिलांच्या मुलीला शिबिराला सात दिवस घराबाहेर पाठवताना घरचे विचारतात, याचा अभ्यासाला उपयोग काय? श्रेयांक हे त्या प्रश्नाचे उत्तर आहे. त्या उत्तरामुळे ती मुलगी गावात मुक्कामी राहते, चार लोकांपुढे पहिल्यांदा माईक हातात घेते, सर्वेक्षणासाठी अनोळखी दारांवर थाप देते. गुणांच्या निमित्ताने आलेली मुले शिबिराच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी गुण विसरून कामात रमतात, हे ज्यांनी शिबिरे घेतली आहेत ते सगळेच सांगतील. दार कशानेही उघडो, आत आल्यावर काय मिळते ते महत्त्वाचे.

धोका आहे तो वेगळ्या ठिकाणी. छायाचित्र आणि अहवाल तयार झाला की काम झाले असे मानले, तर गेल्या वर्षीच्या रोपाची चौकशी न करता त्याच खड्ड्यात नवे रोप लागते. याला उपाय मूल्यमापनाची नजर बदलण्याचा आहे. लावलेली रोपे मोजण्याबरोबर जगलेली रोपे मोजावीत. बांधलेल्या बंधाऱ्याबरोबर उन्हाळ्यात त्याच्या काठच्या विहिरीला पाणी राहिले का, तेही लिहावे.

पुढच्या तुकडीसाठी

वडनेर परिसरातल्या आणि जिल्ह्यातल्या एककांनी येत्या काळात तीन गोष्टी रुजवाव्यात, असे आम्ही या स्मरणिकेच्या निमित्ताने सुचवतो.

पहिली, प्रत्येक शिबिराचा अहवाल महाविद्यालयाच्या कपाटाबरोबर ग्रामपंचायतीच्या दप्तरातही असावा आणि तो ग्रामसभेत वाचला जावा. ज्यांच्यासाठी काम केले त्यांनी ते ऐकले आणि त्यावर आपले म्हणणे मांडले, तर विद्यार्थ्यांचा त्याहून मोठा सत्कार नाही.

दुसरी, शिबिर झाल्यावर एक वर्षाने नव्या आणि जुन्या स्वयंसेवकांनी मिळून त्या गावाला भेट द्यावी. काय टिकले, काय मोडले, हे जुन्यांनी नव्यांना तिथेच, त्या कामाशेजारी उभे राहून सांगावे. कामाचा वारसा असा हातातून हातात जातो.

तिसरी, महाविद्यालयाच्या वार्षिक समारंभात उत्कृष्ट स्वयंसेवकाबरोबर उत्कृष्ट गटाचाही सन्मान व्हावा आणि त्याची रक्कम, मग ती कितीही छोटी असो, त्या गटाच्या दत्तक गावातल्या पुढच्या कामाला मिळावी. राष्ट्रीय पुरस्कारात एककासाठी जी अट आहे, ती आपल्या पातळीवर आणणे आपल्याच हातात आहे.

मगनवाडीच्या कार्यकर्त्यांपासून आजच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकापर्यंत या जिल्ह्याने सेवेची जी परंपरा पाहिली, ती मोठ्या नावांबरोबरच अनेक अनाम तुकड्यांनी चालवली आहे. त्यांच्यापैकी थोड्यांना पदके मिळाली, बहुतेकांना एक प्रमाणपत्र मिळाले. त्या प्रमाणपत्रावरचे २४० तास खरे होते, हे ज्या गावांनी पाहिले त्या गावांचे, त्या प्राध्यापकांचे आणि त्या विद्यार्थ्यांचे आम्ही मनापासून अभिनंदन करतो. या वर्षी नाव नोंदवणाऱ्या प्रत्येक मुला-मुलीने आपली दैनंदिनी पहिल्या दिवसापासून लिहावी आणि दोन वर्षांनी गाव सोडताना आपल्या जागी उभा राहील असा एक तरी नवा स्वयंसेवक तयार करून जावे.